एवढ्या आपत्तींच्या देशात लोक राहतात तरी कसे?

तुम्ही विचारलंय की नवऱ्याला टोकियोत नोकरी मिळाली आहे, निशी-कसाईत घर बघणं चालू आहे, मुलगी पहिलीत जाईल. पण भूकंप, त्सुनामी, वादळं, पूर, ज्वालामुखी हे सगळं एकाच देशात असताना तिथली माणसं रात्री झोपतात तरी कशी, आणि आपण जावं का? मी निशी-कसाईतच राहते, माझं लेकरूही इथल्याच शाळेत जातं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गैरसमज दूर करते. जपानी माणसं घाबरत नाहीत, त्यांना सवय झालीय, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. ते खरं नाही. आमच्या शेजारच्या आजी पलंगाखाली जाड तळव्याचे बूट आणि बॅटरी ठेवूनच झोपतात, कारण मोठ्या धक्क्यानंतर अंधारात काचांवरून चालावं लागतं. ही भीतीच आहे. फक्त ती नुसती मनात बाळगत न बसता त्यांनी तिची कामं करून टाकली आहेत: बूट, बॅटरी, कपाट भिंतीला जखडणं, पाणी भरून ठेवणं. कामं झाली की झोप लागते.

पण तुमच्या प्रश्नातला खरा अवघड शब्द आहे 'सगळं'. एकच संकट असतं तर एकच उपाय पाठ केला की भागलं असतं. इथे एका संकटावरचा उपाय दुसऱ्या संकटात जीव घेऊ शकतो. भूकंपात टेबलाखाली शिरून घरातच थांबायचं. किनाऱ्यावर असाल तर धक्का थांबताच घर सोडून उंचावर पळायचं. पुराच्या वेळी पाणी यायच्या कितीतरी आधी, रस्ते कोरडे असतानाच निघायचं. ज्वालामुखीची राख पडू लागली तर उलट दारं-खिडक्या लावून आत बसायचं.

याचं मला सगळ्यात जवळचं वाटणारं उदाहरण छपराचं आहे. मी लातूरकडची. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या रात्री लोक दमून झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या भागात दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद असायचं. उन्हाळ्यात घर गार राहायला त्यासारखं दुसरं काही नाही. त्या रात्री तीच माती हजारो माणसांच्या अंगावर आली. इथे आल्यावर १७ जानेवारी १९९५ च्या कोबेच्या भूकंपाबद्दल वाचलं, तेव्हा अंगावर काटा आला. तिथल्या जुन्या लाकडी घरांवर मातीच्या थरात बसवलेली जड कौलं होती. वादळात छप्पर उडू नये म्हणून वजन लागतं, पिढ्यान् पिढ्यांचं शहाणपण होतं ते. पहाटे पावणेसहाला जमीन हलली, खालचे खांब ते वजन पेलू शकले नाहीत. त्या भूकंपात एकूण ६,४३४ माणसं गेली, आणि बहुतेक मृत्यू घर अंगावर कोसळून झाले. वाऱ्यापासून वाचवणारं छप्पर भूकंपात मारतं, उन्हापासून वाचवणारं माळवदही मारतं. म्हणून इथे घर बघताना मी पहिला प्रश्न भाड्याचा विचारत नाही, बांधकामाच्या सालाचा विचारते. जून १९८१ पासून भूकंपरोधक बांधकामाचे नवे नियम लागू झाले. त्यात मेख अशी की बांधकामाची परवानगी त्यानंतरची हवी. १९८२ मध्ये पूर्ण झालेली इमारत जुन्या नियमांची असू शकते. एजंटला हे स्पष्ट विचारा, त्यांना या प्रश्नाची सवय असते.

दुसरी गोष्ट कामाइशीची. ११ मार्च २०११ ला ईशान्य जपानमध्ये ९.० तीव्रतेचा भूकंप झाला, त्यानंतर त्सुनामी आली. कामाइशी शहरात उनोसुमाई म्हणून भाग आहे. तिथल्या प्राथमिक आणि माध्यमिक शाळा जवळजवळ होत्या. मोठी मुलं धक्का थांबताच पळाली, त्यांना बघून छोटी मुलं निघाली. ठरलेल्या जागी पोचल्यावर तिथला डोंगरउतार ढासळतोय असं दिसलं, म्हणून ती आणखी वर गेली. तिथून लाट दिसली म्हणून त्याहून वर. मोठ्यांनी लहानांचे हात धरले होते. ती मुलं वाचली. त्याच भागात आपत्ती निवारण केंद्र नावाची इमारत होती. लोकांना सोयीचं पडावं म्हणून त्सुनामीची रंगीत तालीमही तिथेच व्हायची. पण ती जागा त्सुनामीसाठीची नव्हती, पूर वगैरे ओसरल्यावर काही दिवस मुक्काम करायची होती. तालमीत जातो तिथेच जायचं म्हणून माणसं तिथे गेली आणि दीडशेहून अधिक लोक तिथे बुडाले.

मला ही गोष्ट लिहितानाही त्रास होतो, पण तुमच्यासाठी ती सगळ्यात महत्त्वाची आहे. इथे प्रत्येक वस्तीत हिरव्या पाट्या दिसतील. 'आसऱ्याची जागा' एवढं वाचून थांबू नका. त्या पाटीवर चित्रं असतात, ही जागा भूकंपासाठी की पुरासाठी की त्सुनामीसाठी, आणि कशासाठी चालत नाही. ते बघा. मुलीलाही दाखवा.

आता निशी-कसाईचं. आपली माणसं इथे खूप आहेत, मेट्रोने मध्य टोकियोतल्या ओतेमाचीची ऑफिसं जवळ, किराणा मिळतो, सगळं खरं. पण निशी-कसाई ज्यात येतं त्या एदोगावा वॉर्डाची जवळजवळ ७० टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. विसाव्या शतकात कारखान्यांनी जमिनीतून इतकं पाणी उपसलं की जमीनच खचली. एका बाजूला आराकावा नदी, दुसऱ्या बाजूला एदोगावा नदी, पुढे टोकियोचा उपसागर. २०१९ मध्ये वॉर्ड ऑफिसने पुराचा नवा नकाशा घरोघर पाठवला, त्याच्या मुखपृष्ठावर आपल्याच वॉर्डावर लिहिलं होतं: 'इथे थांबू नका.' कोणतं सरकार आपल्याच नागरिकांना असं छापून कळवतं? बरीच टीका झाली, मला मात्र त्या प्रामाणिकपणाचा आदर वाटतो. मोठा पूर आला तर पाणी ओसरायला आठवडा, दोन आठवडेही लागतील. वरच्या मजल्यावर जीव वाचेल पण वीज, पाणी, संडास काहीच नसेल, म्हणून आधीच वॉर्डाबाहेर जा, असं त्यांचं म्हणणं.

त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला हागिबिस वादळ आलं. सकाळी शेजारच्या चिबा प्रांतात चक्रीवात येऊन घरांची मोडतोड झाली. दिवसभर मुसळधार पाऊस, नद्या फुगत चाललेल्या, फोन सारखे वाजताहेत. आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला, वादळ किनाऱ्याला लागायच्या थोडं आधी, चिबाजवळ भूकंपही झाला. फार मोठा नव्हता, पण पाऊस चालू असताना घर हललं की माणसाला काय करावं कळत नाही. वॉर्डातले हजारो लोक शाळांमध्ये गेले होते. आराकावा फुटली नाही. गणपतीपासून साधारण दिवाळीपर्यंत इथे वादळांचे दिवस असतात, तेवढं लक्षात ठेवा.

जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नोतो द्वीपकल्पातल्या लोकांचं दुःख तर याहून मोठं. १ जानेवारी २०२४, इथला सगळ्यात मोठा सण, घरोघर मुलं-नातवंडं आलेली. दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी ७.६ चा भूकंप, पाठोपाठ त्सुनामी, तिथल्या वाजिमा शहरात बाजारपेठेला आग. डोंगराळ भाग, सपाट जागा कमी, त्यामुळे काही तात्पुरती घरं पूररेषेतच बांधावी लागली. सप्टेंबरमध्ये अतिवृष्टी झाली आणि त्या नव्या घरांत पाणी शिरलं. एवढी तयारी असलेल्या देशातही हे होतं.

शाळेबद्दल काळजी करू नका. इथे अनेक शाळांत मुलं जाड कापसाची टोपी वापरतात, एरवी खुर्चीवर उशी म्हणून ठेवतात आणि धक्का बसला की डोक्यावर ओढून टेबलाखाली शिरतात. बाजारात तयार मिळते. वर्षातून एकदा मुलं पालकांच्या ताब्यात देण्याची तालीम होते. रांगेत उभं राहायचं, शिक्षिका यादीत नाव बघते, आणि नाव नसेल तर ओळखीच्या शेजारणीकडेही मूल सोपवत नाही. म्हणून त्या यादीत तुमच्या दोघांशिवाय जवळ राहणाऱ्या आणखी एका विश्वासू मैत्रिणीचं नाव घालाच. कारण नवरा त्या दिवशी घरी येणार नाही असंच धरून चाला. २०११ मध्ये इथल्या राजधानी परिसरात पन्नास लाखांहून अधिक लोक घरी पोचू शकले नव्हते. २०१३ पासून टोकियोत नियम आहे की मोठ्या भूकंपानंतर कर्मचाऱ्यांनी रस्त्यावर न येता ऑफिसातच थांबावं, कंपन्यांनी त्यांच्यासाठी तीन दिवसांचं अन्नपाणी ठेवावं. फोन लागणार नाहीत. १७१ या नंबरवर निरोप रेकॉर्ड करून ठेवता येतो, दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला त्याचा सराव करता येतो. दोघांनी एकदा करून बघा.

घरातलं सांगायचं तर गॅसचा मीटर आधी ओळखून ठेवा. मोठा धक्का बसला की तो आपोआप बंद होतो, लाल दिवा लुकलुकतो. नव्या लोकांना वाटतं गॅस गेला. गळतीचा वास नसेल तर सगळी उपकरणं बंद करायची, मीटरवरचं बटण दाबायचं आणि साधारण तीन मिनिटं गॅसला हात लावायचा नाही. मीटर स्वतःच तपासून पुन्हा चालू होतो. आणि मोठ्या धक्क्यानंतर इमारतीचे पाइप शाबूत आहेत हे कळेपर्यंत संडासात पाणी सोडू नका, खालच्या मजल्यावर घाण वर येते. २०११ ला शेजारच्या उरायासूत भरावाची जमीन पाण्यासारखी झाली, सांडपाण्याच्या नळ्या तुटल्या आणि लोकांचे सर्वाधिक हाल संडासावाचून झाले. त्यासाठी संडासात लावायच्या पिशव्या आणि घाण घट्ट करणारी पावडर मिळते, माणशी आठवड्याचा साठा ठेवा. पाणी माणशी दिवसाला तीन लिटर.

तुम्ही शाकाहारी असाल तर एक खास गोष्ट. आश्रयस्थानात मिळणाऱ्या बऱ्याच जेवणात माशाचं पाणी असतं. तिथे कुणाला विचारत बसायची वेळ नसते. म्हणून कोरड्या भाताची पाकिटं (गरम पाण्यात पंधरा मिनिटांत, गार पाण्यातही तासाभरात फुगतात), मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लाडू, दडपे पोह्यांचं सामान पिशवीत ठेवा. मेतकूट-भात मुलं अशा वेळीही खातात. संपत आलं की वापरायचं आणि नवीन भरायचं.

तर यावं का? माझं उत्तर हो असं आहे. पण निशी-कसाईत घर घेणार असाल तर तिसऱ्या मजल्याच्या वरचं, जून १९८१ नंतरच्या परवानगीचं घ्या, आणि पुराचा इशारा आला तर वॉर्डाबाहेर कुणाकडे किंवा कुठल्या हॉटेलात जायचं हे आधी ठरवा. पत्ता नोंदवायला वॉर्ड ऑफिसात जाल तेव्हाच पुराचा नकाशा मागून घ्या, इंग्रजीतही मिळतो. भारतातून आणलेल्या फोनवर भूकंपाचे इशारे आपोआप येतीलच असं नाही, 'सेफ्टी टिप्स' हे ॲप टाकून ठेवा. घर पक्कं करण्याआधी पत्ता व्यक्तिगत निरोपात (व्यनि) पाठवलात तर नकाशावर त्या जागेला काय काय लागू होतं ते मी बघून सांगेन.