रात्री घाम फुटतो म्हणून एफडी मोडावी का?

प्रश्न: वय 49, शाळेत क्लार्क आहे. आठ महिन्यांपासून पाळी अनियमित, रात्री दरदरून घाम, झोपेचं खोबरं. इन्स्टावरची जाहिरात बघून एका मेनोपॉज क्लिनिकला फोन केला. हार्मोन टेस्ट, वर्षभराच्या सप्लिमेंट्स, डाएट कोच असं पॅकेज आहे. 4,000 चे बारा हप्ते, ‘नो कॉस्ट’. एकरकमी दिले तर 44,000. बुकिंगचे 999 भरलेत. एफडी मोडू की हप्ते घेऊ?

उत्तर: ताई, दोन्ही नको. त्रास खरा आहे, त्यावर खर्च करायलाच हवा. पण असा नाही.

रोख 44,000 आणि हप्त्यांनी 48,000, म्हणजे वरचे 4,000 व्याजच झालं. घटत्या शिलकीवर (दर हप्त्यानंतर उरलेल्या रकमेवर) मांडलं तर दर सोळा टक्क्यांच्या वर जातो. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलंय.

आता पॅकेज सोडवून बघू. पंचेचाळिशीनंतर अशी लक्षणं असली की निदान बहुधा त्यांवरूनच होतं. या काळात हार्मोन सतत वरखाली होतात, एका टेस्टने फारसं कळत नाही. (थायरॉइड मात्र बघून घ्या, त्यानेही असाच घाम येतो.) सप्लिमेंटची बाटली फिरवून बारीक अक्षरं वाचा: ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’, म्हणजे औषध म्हणून वापरायला नाही. एफएसएसएआयच्या (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमाने ते छापावंच लागतं. जाहिरातीत ‘हार्मोन बॅलन्स’, आणि बाटलीवर हे! ‘मला फरक पडला’ म्हणणाऱ्या बायका खोटं बोलत नसतात. औषधांच्या चाचण्यांत औषध नसलेल्या गोळीनेही हा त्रास बराच कमी झालेला दिसतो, शिवाय काळाने तो ओसरतोही. श्रेय बाटली घेऊन जाते.

गावातल्याच स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. हार्मोनची औषधं या घामावर खरंच चालतात, पण स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असेल तर ती टाळतात. हा निर्णय तपासून व्हायला हवा, फोनवर नाही. साध्या मेडिक्लेममध्ये ओपीडी (भरती न होता घेतलेले उपचार) बसत नाही, म्हणून भेटी, तपासण्या, औषधं धरून वर्षाला 15,000 बचत खात्यात वेगळे ठेवा. कमी पडले तर तेव्हा बघू.

तरीही पॅकेजचा मोह सुटत नसेल तर आधी क्लिनिकला व्हॉट्सॲपवर लेखी विचारा, महिन्यामहिन्याने पैसे घेता का आणि मध्येच सोडलं तर उरलेले परत देता का. 999 चं म्हणाल, तर मागून बघा. नाही मिळाले तरी त्यांच्यापायी पुढचे 43,000 घालवू नका.