जॅझसाठी गिटार घेताना

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तू पाच-सहा गिटारींची नावं आणि किमती लिहून 'यातली कोणती घेऊ' असं विचारलंयस. नावावरून मी काहीच सांगणार नाही. मडगावला किंवा मुंबईला दुकानात जा, गिटार मांडीवर घे आणि तीन कॉर्ड (एकत्र छेडलेले स्वर) वाजव.

तारा बारीक ते जाड अशा मोजायच्या, सहावी सर्वांत जाड; फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या. डी मायनर सेव्हन: पाचवी तार पाचव्या फ्रेटवर, चौथी तिसऱ्यावर, तिसरी पाचव्यावर. जी सेव्हन: सहावी आणि चौथी तिसऱ्यावर, तिसरी चौथ्यावर. सी मेजर सेव्हन: पाचवी तिसऱ्यावर, चौथी दुसऱ्यावर, तिसरी चौथ्यावर. बाकीच्या तारा मुक्या ठेव. वरच्या दोन स्वरांतला दर वेळी एकच अर्ध्या स्वराने उतरतो, आधी सी वरून बी, मग एफ वरून ई. जॅझची चाल या उतरण्यात असते. ज्या गिटारीवर हा उतार सुटा सुटा ऐकू येतो ती घे. जिचा खर्ज घुमून वरचे स्वर गिळतो, ती दिसायला कितीही देखणी असो, जागेवर ठेवून दे.

म्हणूनच मोठ्या अंगाची ड्रेडनॉट मी तुला सुचवणार नाही. गाण्याच्या साथीला ती भरदार लागते, पण तिचा खर्ज लांबतो आणि जॅझच्या दाट कॉर्डमध्ये गढूळपणा येतो. ट्रिपल-ओ किंवा ओएम घाटाची, कमरेला बारीक गिटार बघ. खरी जॅझची अकूस्टिक (विजेशिवाय वाजणारी) गिटार म्हणजे आर्चटॉप. गिब्सन या अमेरिकन कंपनीने १९२२ मध्ये एल-५ आणली, तिच्या फुगीर छातीवर व्हायोलिनसारखी एफ आकाराची छिद्रं होती. फ्रेडी ग्रीन १९३७ पासून पियानोवादक काउंट बेसीच्या जॅझ बँडमध्ये अशीच गिटार, अँपशिवाय, ठोक्याला एक कॉर्ड देत वाजवायचा आणि इतक्या पितळी वाद्यांमध्ये तो ताल जाणवायचा. पण कोरीव लाकडाची चांगली आर्चटॉप फार महाग असते, आणि स्वस्तातल्या बहुतेक पिकअपच्या (तारांचा आवाज अँपकडे नेणाऱ्या साधनाच्या) भरवशावर असतात. पहिली गिटार म्हणून तिच्या मागे लागू नकोस.

आता आपल्या हवेचं. दुकानदार 'सॉलिड टॉप घ्या', म्हणजे एकसंध लाकडाच्या छातीची घ्या, म्हणेल, आणि नादाच्या दृष्टीने त्याचं बरोबरच आहे. पण गिटारीला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आणि वेंगुर्ल्यात जूनपासून हवा कशी असते ते तुला सांगायला नको. एकसंध लाकूड ओल पितं, छाती फुगते, ब्रिज (छातीवरचा तारांचा आधार) वर येतो, तारा फ्रेटपासून उंच जातात. मग सातव्या-आठव्या फ्रेटवर कॉर्ड धरताना बोटं रडतात. थर चिकटवलेलं, लॅमिनेटेड लाकूड हे सगळं जास्त सोसतं. त्यात कमीपणा मुळीच नाही: गिब्सनची १९४९ ची ईएस-१७५ लॅमिनेटेड छातीची होती आणि कितीतरी जॅझवादकांनी तीच हाती धरली. गिटार उघडी भिंतीला टांगून ठेवायची सवय असेल तर लॅमिनेटेड घे. रोज पेटीत ठेवणार असशील, सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्या भिजल्या की बदलणार असशील, तरच सॉलिड स्प्रूस लाकडाचा विचार कर.

ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, दुकानातच तपास. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेखाली सुमारे अडीच मिलिमीटर, पहिलीखाली दोन. मोजायला काही नसेल तर सपाट एटीएम कार्डं तीन एकावर एक ठेवली की सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास होतात. मग बारावा फ्रेट दाबून येणारा स्वर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला स्वर) जुळतो का ते प्रत्येक तारेवर ऐक. वर वाजवताना बेसूर होणारी गिटार जॅझला निरुपयोगी.

तारांवर मात्र पैसे वाचवू नकोस. फ्लॅटवाउंड, म्हणजे वर चपटी तार गुंडाळलेल्या, लाव. बोटं सरकताना चरचर होत नाही आणि स्वर गोल येतो. खारा वारा आणि घाम तारांना लवकर गंज आणतात, तेव्हा वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने एकेक तार पूस.

गोव्याला जाशीलच, तर तिथल्या जुन्या वादकांना भेट. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणाऱ्यांत गोवेकर पुष्कळ होते. त्यांच्या घरातल्या मंडळींना चांगली गिटार हातात घेताक्षणी कळते.

खरेदी दिवाळीनंतर कर. भर पावसात बसवलेली ॲक्शन हवा कोरडी झाली की खाली येते आणि तारा फ्रेटवर खरखरतात. ट्रस रॉडची (मानेचा बाक कमी-जास्त करणाऱ्या आतल्या सळईची) किल्ली दुकानदाराकडून आठवणीने मागून घे, पण पहिल्या वर्षी ती जाणकाराच्याच हाती दे.

तुझा,
काका