'डॉक्टर हू'ची सुरुवात कुठून करावी?

काळातून प्रवास करणाऱ्या परग्रहवासी 'डॉक्टर'ची ही ब्रिटिश विज्ञानकथा-मालिका कुठून पाहावी, असे आपण विचारलेत. १९६३ पासूनचे सर्व भाग क्रमाने पाहण्याचा आपला उत्साह मला मनापासून आवडला, तरी तो बेत सध्या बाजूला ठेवावा. साठच्या दशकातील कित्येक भाग बीबीसीच्या संग्रहातून नष्ट झाले आहेत, आणि जे उरले ते दर आठवड्याला पंचवीस मिनिटे पाहण्यासाठी रचलेले असल्याने एका बैठकीत पाहिल्यास रेंगाळतात. म्हणून मालिका जिथे नव्याने सुरू झाली, त्या २००५ पासून आरंभ करावा. तिथे लंडनच्या दुकानात काम करणारी रोझ आपल्याइतकीच अनभिज्ञ असल्यामुळे पूर्वकथा ठाऊक असण्याची गरज पडत नाही.

नवखे प्रेक्षक हमखास दोन चुका करतात.

- डॉक्टरच्या भूमिकेत क्रिस्टोफर एकल्स्टन जाऊन डेव्हिड टेनंट आले, की मालिका सोडून देणे. पहिला डॉक्टर साकारणारे विल्यम हार्टनेल यांची प्रकृती ढासळल्यावर १९६६ मध्ये पॅट्रिक ट्राउटन यांना आणताना डॉक्टरचे शरीरच पालटते अशी कल्पना लढवली गेली. या युक्तीमुळेच मालिका आजवर टिकली.
- नव्या नटाला पहिल्याच भागात जुन्याच्या मापाने मोजणे. मॅट स्मिथ यांचा २०१० मधील पहिला भाग पाहा: नवा डॉक्टर छोट्या अमेलियाच्या स्वयंपाकघरात सफरचंद, दही, बेकन एकेक चाखून थुंकतो आणि शेवटी माशाचे तळलेले तुकडे कस्टर्डमध्ये बुडवून आवडीने खातो. स्वतःची चव शोधणारा हा माणूस आपल्यालाही नवाच असतो. त्याला किमान चार भाग द्यावेत.

या मालिकेची ध्वनिनाट्ये आणि तिच्या कथांच्या कालक्रमातील विसंगती यांकडे तूर्तास वळू नये. टॉम बेकर यांचा डॉक्टर म्हणून १९७४ ते १९८१ हा काळ मात्र पुढे अवश्य पाहावा.