बदलापुरात दुकान टाकताना

बदलापुरात पोळीभाजी केंद्र काढतोयस, तर आधी लोकलचं वेळापत्रक बघ. इथलं गिऱ्हाईक सकाळी मुंबईला जातं आणि रात्री आठनंतर थकून स्टेशनाबाहेर पडतं. दुपारी शटर ओढलंस तरी चालेल, रात्री साडेदहापर्यंत मात्र पोळ्या गरम हव्यात. भाडं थोडं जास्त पडलं तरी गाळा घराकडे जायच्या वाटेवरच घे. उल्हास नदीच्या बाजूला असेल तर २००५ आणि २०१९ च्या जुलैत पाणी कुठवर आलं होतं, ते शेजाऱ्यांना विचार. माझी पिठाची पोती भिजलीत, म्हणून कळकळीने सांगतोय. भाडेकरार नोंदवूनच घे. दहापेक्षा कमी कामगार असतील तर गुमास्त्यासाठी, म्हणजे दुकानाच्या सरकारी नोंदीसाठी, दुकान सुरू केल्याची फक्त ऑनलाइन सूचना दिली तरी पुरते. एजंटला पैसे देऊ नकोस.