दोन दिवस, चौदा ठिकाणं आणि दोन लहान मुलं

प्रश्न : ताई, मला सहा वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी आहे. गेल्या वर्षी आम्ही दोन दिवस एका शहरात फिरायला गेलो होतो. नवऱ्याने मिनिटामिनिटाचा आराखडा केला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तिकिटाच्या रांगेत मुलीने लोळण घेतली, मुलगा ‘घरी चला’ म्हणून रडायला लागला आणि आम्ही दोघं चारचौघांत भांडलो. आता पुन्हा तसाच बेत ठरतोय, यादीत चौदा ठिकाणं आहेत. मुलं जरा मोठी होऊ देत, असं मी म्हटलं, तर तो म्हणाला, “तू प्रत्येक गोष्टीवर विरजण टाकतेस.” खरंच माझं चुकतंय का?

उत्तर : नाही गं, तुझं चुकत नाहीये. रांगेतली ती दुपार अजून तुझ्या मनातून गेलेली नाही, म्हणून तुझा पाय मागे येतोय. पण म्हणून बेत रद्द करू नकोस.

तुझ्या नवऱ्याचंही मला समजतं. सुट्टी मोजकी, प्रवासाचा नि राहण्याचा खर्च, आणि पुन्हा कधी जमेल याचा भरवसा नाही. अशा वेळी ‘आलोच आहोत तर हेही बघू’ करत यादी लांबत जाते. मला वाटतं, त्या चौदांतली दोन-तीन ठिकाणंच त्याला मनापासून हवी असतील. ती कुठली, हे कधी विचारलंयस? मुलं झोपली की दोघं निवांत बसा आणि एवढंच विचार. यादीवर काट मारायला बसलीस, तर तो प्रत्येक नावासाठी भांडेल.

ती दोन-तीन नावं कळली की त्यातलं एक त्याने एकट्याने बघावं. एका सकाळी तीन तास तो मोकळा, मुलं तुझ्याकडे. दुसऱ्या दिवशी तीन तास तू मोकळी, मुलं त्याच्याकडे. सगळ्यांची सहल आणि वेगळं कसलं फिरायचं, असं आधी वाटेल. पण जे बघायची कित्येक वर्षांची इच्छा आहे, ते कडेवर रडणारं मूल घेऊन बघण्यात कुणाला काय मिळतं? तीन तास मनासारखे मिळालेला माणूस उरलेला दिवस मुलांच्या चालीने आनंदाने चालतो, हे मी आमच्याच घरात बघितलंय.

आता मुलांचं. माझी भाची साडेतीन वर्षांची असताना आम्ही तिला एका मोठ्या संग्रहालयात नेलं होतं. दहाव्या मिनिटाला तिची कुरकुर सुरू झाली. मी वैतागून तिच्याशेजारी उकिडवी बसले आणि सहज समोर बघितलं. काचेच्या पेटीतलं काहीच दिसत नव्हतं. पेटीचं लाकूड, काचेवर पडलेली दिव्याची तिरीप आणि चहूकडे माणसांचे गुडघे. तीन वर्षांचं मूल जेमतेम तीन फुटांचं असतं, तेव्हा तुझ्या लेकीलाही मोठ्यांच्या गर्दीत हेच दिसतं. बॉस्टनच्या कलासंग्रहालयातल्या बेंजामिन आइव्ह्स गिलमन यांनी १९१६ मध्ये चक्क फोटो काढून दाखवलं होतं, की मांडलेल्या वस्तू नीट बघायला धडधाकट माणसालाही किती वाकावं आणि ताणावं लागतं. संग्रहालयात येणाऱ्या त्या शिणाला त्यांनी नावच दिलं. मोठ्यांची ही गत, तर लेकरांचं काय!

म्हणून दिवसाला ठरवून बघायचं ठिकाण एकच, आणि तेही सकाळी. तुझ्या मुलीच्या वयाला दिवसरात्र मिळून १० ते १३ तास झोप लागते. प्रवासात दुपारची झोप हुकली की संध्याकाळी तिचा ताबा सुटणार, त्याला हट्टीपणा म्हणू नकोस. जेवून खोलीवर परत, तास-दोन तास पडदे बंद. त्यासाठी खोली लांब आणि स्वस्त घेण्यापेक्षा लहान पण मध्यवस्तीत घ्या. संध्याकाळी एखादी बाग, पाण्याचा काठ, नाहीतर नुसता ट्रामचा किंवा बसचा फेरा. मुलांना वाहनाचं फार अप्रूप असतं. तुम्ही ज्याला ‘तिथवर पोचणं’ म्हणता, तीच त्यांची सहल असते.

बारीकसारीक गोष्टी : ठिकाणाचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस आधी बघून ठेवा, जगभरात बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात. तिकीट आधी काढता येत असेल तर काढाच, म्हणजे रांगेचा प्रश्न मिटला. रोज सकाळी निघताना दोघांचा त्या दिवसाच्या कपड्यांतला फोटो काढून ठेव आणि त्यांच्या दंडावर पेनाने तुमचा फोन नंबर लिही. चुकामूक झाली तर जागचं हलायचं नाही, आम्हीच शोधत येऊ, हे मुलाला घरीच दोन-तीनदा खेळात करून दाखव.

नवरा कदाचित म्हणेल, एवढा खर्च करून हिला काय आठवणार आहे? खरं आहे, तिसऱ्या वर्षाच्या आधीचं बहुतेकांना मोठेपणी आठवत नाही, आणि तिचं वयही त्या उंबरठ्यावरचंच आहे. मुलाला मात्र थोडंफार आठवेल. गेल्या वेळचं त्याला काय आठवतं, विचारून बघ. उत्तर नवऱ्याच्या समोर ऐक. आणि या वेळी एका संध्याकाळी कुठे जायचं, हे त्या सहा वर्षांच्या गड्याला ठरवू दे. त्याने कारंज्यापाशी बसायचं म्हटलं, तर तिथेच बसा, घड्याळ न बघता.

नवऱ्याशी बोलणं झालं की मला लिही. त्या चौदांतलं कुठलं नाव त्याने सगळ्यात आधी घेतलं, तेही कळव.