बर्फात कुठला गॉगल? वाचकांचे प्रश्न, नेत्रतज्ज्ञाची उत्तरं

डिसेंबर लागला की इंदूरकरांचे गुलमर्ग, औली, सोलांगचे बेत ठरतात आणि माझ्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येऊ लागतो. या वेळी आलेले सगळे प्रश्न एकत्र घेते आहे. जिथे एका ओळीत भागतं तिथे एकच ओळ लिहिली आहे, राग मानू नये.

प्रश्न : जानेवारीत सहकुटुंब गुलमर्गला जातोय. राजवाड्याजवळच्या दुकानदाराने सगळ्यांत काळ्या काचेचे चार स्की-गॉगल काढून दिले. म्हणाला, ‘जितना डार्क, उतना सेफ.’ बरोबर आहे ना? (तिलकनगर)

साफ चूक. काच किती काळी आहे आणि ती अतिनील (यूव्ही) किरणं किती अडवते, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. पूर्ण पारदर्शक काचही सगळी अतिनील किरणं अडवू शकते, आणि कोळशासारखी काळी काच ती सरळ आत सोडू शकते. उलट अशी काळी काच जास्त वाईट. अंधार झाला असं समजून डोळ्याची बाहुली रुंदावते आणि एरवी गेली नसती एवढी किरणं आत जातात.

काळेपणाचं माप वेगळं असतं. त्याला व्हीएलटी म्हणतात, म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशापैकी किती टक्के काचेतून आत येतो. फ्रेमवर किंवा खोक्यावर एस ० ते एस ४ असा वर्ग छापलेला असतो. एस ४ मध्ये ३ ते ८ टक्के प्रकाश येतो, एस ३ मध्ये ८ ते १८, एस २ मध्ये १८ ते ४३, एस १ मध्ये ४३ ते ८०, आणि एस ० जवळजवळ पारदर्शक. लख्ख उन्हाला एस ३. ढग, हिमवर्षाव किंवा झाडांची सावली असेल तर एस १. एकच घेणार असाल तर एस २ घ्या, साधारण २० ते ३० टक्क्यांचा. तुमच्या हातात दिले ते बहुधा एस ४ असतील. हिमनदीवर चढणाऱ्या गिर्यारोहकांना ते ठीक आहेत, पण दुपारी तीनला ढग उतरले की तुम्हाला पुढचा माणूस दिसणार नाही. ते घालून गाडी चालवायलाही मनाई असते. परत करा.

प्रश्न : मॉलमधल्या बर्फाच्या खेळात मुलांना असा गॉगल लागतो का? (विजयनगर)

नाही, मोज्यांचे दोन जोड न्या.

प्रश्न : गेल्या फेब्रुवारीत मुलगा मित्रांबरोबर गुलमर्गला गेला होता. दिवसभर ढगाळ होतं, म्हणून गॉगल खिशातच राहिला. रात्री अकराच्या सुमारास डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊन उघडेचनात. तिथल्या मेडिकलवाल्याने ‘सुन्न करणारे’ थेंब दिले आणि दोन मिनिटांत आराम पडला. उरलेली बाटली जपून ठेवली आहे. या वर्षी पुन्हा न्यायला चालेल का? (सुदामानगर)

बाटली आजच फेकून द्या. आता थोडं सविस्तर सांगते, कारण दर मोसमात अशी दोन-चार मुलं माझ्यासमोर लाल डोळे घेऊन बसतात आणि प्रत्येकाच्या खिशात अशीच एखादी बाटली असते.

आधी ढगांचं. ढग ऊन अडवतात, उकाडा अडवतात, पण पातळ ढगांतून अतिनील किरणं बऱ्याच प्रमाणात खाली येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने दर हजार मीटर उंचीला अतिनील किरणं १० ते १२ टक्क्यांनी वाढतात. इंदूर साधारण ५५० मीटरवर, गुलमर्ग २,६५० च्या आसपास, आणि गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट शिखरावर ३,९०० मीटरच्या वर नेऊन सोडतो. म्हणजे नुसत्या उंचीच्या हिशेबाने एक-तृतीयांशाहून जास्त वाढ. त्यात ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत किरणं परत फेकतो. कोरडी वाळू फेकते १५ टक्के, गवत दहाच्याही आत. इंदुरात ऊन वरून येतं, टोपीची कड आणि भुवया ते अडवतात. बर्फावर ते खालून येतं. तिथे टोपीचा काय उपयोग?

ही किरणं कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, सगळ्यांत वरच्या थरात शोषली जातात. तिथल्या पेशी लगेच मरत नाहीत. सहा ते बारा तासांनी मरून गळायला लागतात आणि खालची मज्जातंतूंची टोकं उघडी पडतात. म्हणून दिवसभर काहीच जाणवत नाही, आणि जेवून झोपायला गेलं की कळ सुरू होते. तुमच्या मुलाचे रात्रीचे अकरा अगदी हिशेबात बसतात. हा थर साधारण एक ते तीन दिवसांत आपला आपण भरून येतो.

पण भरून येऊ दिला तर. सुन्न करणारे थेंब आम्ही डोळ्याचा दाब मोजताना किंवा कचरा काढताना एखादा टाकतो, आमच्या नजरेखाली. घरी तेच दर तासाला टाकले तर नवीन पेशींची वाढ थांबते. दुखणं कळत नाही म्हणून माणूस डोळा चोळतो, जखम खोल जाते, जंतू शिरतात, आणि तीन दिवसांच्या दुखण्याचा बुबुळावर कायमचा पांढरा डाग होतो. हे थेंब चिठ्ठीशिवाय हातात देणं हा मेडिकलवाल्याचा गुन्हा आहे. दुसरी आवडती बाटली स्टेरॉईडची. तिने लाली झटकन जाते, म्हणून ती लोकप्रिय. पण डोळ्यात नागिणीचा विषाणू किंवा बुरशी असेल तर तीच आगीत तेल ओतते, आणि महिनोन्‌महिने वापरली तर काचबिंदू करू शकते.

असं झालंच तर कॉन्टॅक्ट लेन्स काढा, खोलीत अंधार करा, मिटलेल्या पापण्यांवर थंड पाण्याची घडी ठेवा. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब टाका, दुखण्यासाठी पोटातून पॅरासिटामॉल घ्या. चोळू नका, गाडी चालवू नका. आणि दुसऱ्या दिवशी जिथे असाल तिथल्या डॉक्टरला दाखवा. दुखणं एकाच डोळ्यात असेल, पू येत असेल, बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल किंवा २४ तासांत उतार नसेल तर सकाळचीही वाट पाहू नका. ‘इंदूरला पोचल्यावर बघू’ म्हणून चार दिवस काढलेले रुग्ण मी पाहिले आहेत, आणि त्यांना ओरडून आता फायदा नसतो.

प्रश्न : पिवळी, गुलाबी, नारिंगी, निळी आरशासारखी… यांत ढगाळ हवेसाठी कुठली काच? (राजेंद्रनगर)

पिवळी, गुलाबी किंवा फिकट अंबर. ढगाळ दिवशी प्रकाश सगळीकडून सारखा येतो, त्यामुळे बर्फातल्या खड्ड्यांना आणि उंचवट्यांना सावलीच पडत नाही. सगळं एकसारखं पांढरं दिसतं आणि उतार कुठे संपला ते पाय निसटल्यावर कळतं. या काचा निळा प्रकाश थोडा कापतात, म्हणून जी काही फिकी सावली असेल ती उठून दिसते. नसलेली सावली मात्र कुठलीच काच दाखवू शकत नाही. धुकं पूर्ण उतरलं तर गॉगल बदलत बसू नका. झाडांच्या कडेने, प्रशिक्षकाच्या मागोमाग खाली या.

बाहेरच्या चकाकीवरून काच निवडू नका. निळा आरसा हा वरून दिलेला लेप असतो. गॉगल उलटा धरून आतून सावलीतल्या पांढऱ्या भिंतीकडे बघा, तीच काच गुलाबी किंवा तपकिरी निघेल. खरा रंग तो. लेपामुळे प्रकाश आणखी कमी होतो, म्हणून तेव्हाही टक्के वाचाच.

प्रश्न : उन्हात आपोआप काळी होणारी काच घेतली तर एकातच काम होईल ना? (लोकमान्यनगर)

बऱ्यापैकी. पण थंडीत ती जास्त गडद होते आणि उजळायला जास्त वेळ घेते, हे दुकानात कोणी सांगत नाही. उन्हातून भर वेगाने देवदारांच्या सावलीत शिरलात तर काही वेळ जवळजवळ अंधारात चालला आहात असं समजा. नवशिक्याने त्यापेक्षा दोन सुट्या काचांचा, चटकन बदलता येणारा गॉगल घ्यावा.

प्रश्न : दुकानात एक कार्ड दाखवतात. गॉगल लावला की त्यातलं लपलेलं चित्र दिसतं. म्हणजे यूव्ही प्रोटेक्शन आहे ना? आणि जांभळा लेझर मारून दाखवतात तेही? (महू)

दोन्ही हातचलाखी. कार्डाने एवढंच कळतं की काच पोलराईज्ड आहे, म्हणजे पृष्ठभागावरून येणारी चकाकी ती कापते. अतिनील किरणांबद्दल ते कार्ड एक शब्द बोलत नाही. जांभळा लेझर निळ्या-जांभळ्या दृश्य प्रकाशाचा असतो. काच तो अडवते याचा अर्थ ती त्याहून आखूड लहरींची सगळी अतिनील किरणंही अडवते, असा निघत नाही. ‘यूव्ही ४००’ म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतची किरणं अडवणारी काच. पण तो स्टिकर कोणीही छापू शकतो. चांगल्या चष्म्याच्या दुकानात यूव्ही मीटर असतं, त्यावर तुमच्यासमोर काच तपासायला सांगा आणि बिल घ्या. दुकानदार कुरकुरला तर दुकान बदला. अस्सल पॉलिकार्बोनेट, म्हणजे गॉगलच्या काचेचं कडक प्लास्टिक, मुळातच जवळजवळ सगळी अतिनील किरणं अडवतं, त्यामुळे महाग तेच चांगलं असंही नाही.

पोलराईज्ड घ्यावी का, यावर स्की करणाऱ्यांतच दोन तट आहेत. कडक बर्फाची चकाकी हीच त्याची खूण असते, आणि ही काच नेमकी तीच पुसते. शिकाऊ माणसाला तिच्यावर जादा पैसे घालायची गरज नाही.

प्रश्न : माझा उन्हाचा गॉगल चांगल्या कंपनीचा आहे. तोच नेला तर? (रामबाग)

गोंडोलात बसून फोटो काढायचे असतील तर चालेल. स्की करायची असेल तर नाही : बाजूने किरणं आत येतात, आणि पडलात तर दांडी डोळ्यात जाते.

प्रश्न : उणे साडेसहाचा नंबर आहे. चष्म्यावर गॉगल बसत नाही. लेन्स लावू का? (तिलकनगर)

चष्म्यावरून घालायचे ओटीजी गॉगल मिळतात. त्यांच्या फोममध्ये दांड्यांसाठी खाचा असतात. चष्मा घालून दुकानात जा, मान हलवून बघा. रोज फेकायच्या कॉन्टॅक्ट लेन्सही चालतील, पण त्यांवर अतिनील संरक्षण लिहिलं असलं तरी गॉगल हवाच, कारण लेन्स फक्त स्वतःखालचा भाग झाकते. आणि गॉगल राहू द्या बाजूला, एवढ्या नंबरात दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याचा मागचा पडदा, पातळ असू शकतं. जायच्या आधी बाहुली मोठी करून हा पडदा तपासून घ्या. पडल्यावर काजवे चमकले, काळे ठिपके उडायला लागले किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठायचा.

प्रश्न : लेसिक (नंबर काढायचं लेझर ऑपरेशन) होऊन पाच वर्षं झाली. उंचीवर काही होतं का? (विजयनगर)

सहसा नाही. पण वडिलांच्या पिढीतल्या कोणाचं कॉर्नियावर चाकाच्या आऱ्यांसारख्या चिरा देऊन नंबर काढायचं जुनं ऑपरेशन झालं असेल, तर उंचीवर त्यांची नजर तात्पुरती बदलू शकते. त्यांनी विचारून जावं.

प्रश्न : गॉगलवर आतून सारखं धुकं येतं. रुमालाने पुसतो, पण पुन्हा येतं. (सुदामानगर)

पुसता म्हणूनच येतं. आतल्या बाजूला धुकं न धरणारा लेप असतो आणि ओला असताना तो बोटानेही निघतो. झटका, आपोआप वाळू द्या. दुहेरी काचेचा, वर हवेच्या फटी असलेला घ्या. आणि थांबलात की गॉगल घामट कपाळावर चढवून ठेवायची सवय सोडा.

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची आहे. तिला खरंच हवा, की चोचले? (राजेंद्रनगर)

तुमच्याआधी तिला. लहान मुलांच्या डोळ्यातलं भिंग मोठ्यांपेक्षा जास्त अतिनील किरणं आत सोडतं. लहान मापाचाच घ्या. मोठ्यांचा गॉगल नाकाशी फट ठेवतो आणि तिथूनच उजेड आत येतो.

प्रश्न : सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तीन आठवड्यांपूर्वी झालं. त्या नुसत्या बसून राहतील. गॉगल घातला की नेता येईल ना? (लोकमान्यनगर)

हे ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनी ठरवायचं, मी नाही. हो म्हणाले, तर थेंब चालू ठेवा. डोळ्यात बसवलेलं भिंग बहुतेक वेळा अतिनील किरणं अडवतं, पण ते आत असतं. भाजतो तो पुढचा कॉर्निया. त्यामुळे गॉगल हवाच, बसून राहिल्या तरी.

प्रश्न : काकांच्या दृष्टिपटलाचं ऑपरेशन झालं आणि डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला आहे. दिल्लीमार्गे विमानाने श्रीनगर, मग गुलमर्ग. त्यांना कुठल्या वर्गाची काच घ्यावी? (महू)

कुठलीही नाही. त्यांनी जायचंच नाही. उंची वाढली, हवेचा दाब उतरला की तो गॅस फुगतो, डोळ्यातला दाब चढतो, रक्तपुरवठा थांबतो आणि त्या डोळ्याची नजर कायमची जाऊ शकते. विमानात तर होतंच, उंच घाटातही होऊ शकतं. गॅस पूर्ण विरला आहे हे सर्जन तपासून सांगेपर्यंत इंदूर सोडू नये. या काळात दुसऱ्या कशासाठी भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना गॅसचं आधी सांगा, कारण भुलेच्या एका वायूनेही तो फुगतो. काकांचं तिकीट आजच रद्द करा आणि उद्या सकाळी सर्जनना फोन लावा.