ब्राझीलच्या ‘वास्को द गामा’ फुटबॉल क्लबचा आपल्या गोव्यातल्या वास्कोशी काही संबंध आहे का? या क्लबचा इतिहास काय?

संबंध एवढाच, की दोघांचं बारसं एकाच माणसाच्या नावानं झालं. माझं लहानपण वास्कोत गेलं. टिळक मैदानावर वास्को स्पोर्ट्स क्लबच्या मॅच बघत मोठा झालो (हा आपला क्लब, १९५१ सालचा). ब्राझीलमध्येही एक वास्को आहे हे कळलं तेव्हा मला वाटलं, कुणी गोंयकार तारवटी (खलाशी) रिओला उतरून राहिला असणार आणि त्यानंच तो काढला असणार. तसं काहीही नाही.

२१ ऑगस्ट १८९८ ला रिओ दि जानेरोत ६२ जण जमले. बहुतेक पोर्तुगालहून पोटापाण्यासाठी आलेले, दुकानांत आणि वखारींत राबणारे. गामा कालिकतला पोचला त्याला ४०० वर्षं झाल्याचा गाजावाजा त्याच साली चालला होता, म्हणून हे नाव. फुटबॉल तेव्हा डोक्यातही नव्हता. क्लब होता होड्यांच्या शर्यतींचा, आणि आजही त्याच्या अधिकृत नावात ‘रेगाटास’ म्हणजे शर्यती आहेत. बिल्ल्यावर काळ्या ढालीवर तिरका पांढरा पट्टा, वर शिडाचं जहाज आणि शिडावर लाल क्रूस. आपल्याकडच्या माणसाला तो क्रूस बघून थोडं चमकायला होतं. गोवा घेतला तो अल्बुकर्कनं, १५१० साली, गामानं नव्हे. पण दोघांच्या जहाजांचं शीड तेच, लाल क्रुसाचं.

आता जी गोष्ट मला खरी सांगायची आहे ती. १९०४ मध्येच या क्लबनं कांदिदो जोझे दे आराउजो या कृष्णवंशीय माणसाला अध्यक्ष केलं. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्यानं संपून तेव्हा जेमतेम १६ वर्षं झाली होती. फुटबॉल सुरू झाला १९१५ नंतर. रिओतला फुटबॉल म्हणजे फ्लुमिनेन्से, फ्लामेंगो, बोताफोगो अशा बड्या घरच्या गोऱ्या पोरांचा खेळ. पोर्तुगीज दुकानदारांना तिथे कोण विचारतो? त्यांनी मग गिरणी कामगार, ड्रायव्हर, हमाल अशांतून संघ उभा केला. काळे, मिश्रवंशीय, गरीब गोरे, सगळे एकत्र. असं करणारे ते पहिले नव्हेत, बांगू क्लबात काळे खेळाडू आधीपासून होते. पण बांगू जिंकत नव्हता, त्यामुळे कुणाला टोचत नव्हता.

वास्को जिंकला. १९२२ ला दुसऱ्या श्रेणीतून वर आला आणि १९२३ ला पहिल्याच दमात रिओचा विजेता झाला. उरुग्वेचा प्रशिक्षक रामोन प्लातेरो पोरांना इतकं पळवायचा, की दुसऱ्या हाफमध्ये समोरचे धापा टाकायचे आणि हे गोल करायचे. हौशी खेळ असल्यानं पगार द्यायला बंदी होती. पोर्तुगीज दुकानदार खेळाडूंना कागदोपत्री नोकरी द्यायचे आणि जिंकल्यावर हातात बक्षिसी ठेवायचे. तिला नाव पडलं ‘बिशो’, म्हणजे जनावर. आपल्या मटक्यासारखा तिथे जनावरांच्या चित्रांवर आकडा लावायचा खेळ चालतो, त्यातली ही भाषा. गाय मिळाली म्हणजे १०० मिलरेस (तेव्हाचं तिथलं चलन). ब्राझीलच्या फुटबॉलमध्ये विजयाच्या बोनसला आजही बिशोच म्हणतात.

बड्या क्लबांनी १९२४ मध्ये वेगळी संघटना काढली आणि वास्कोला सांगितलं: यायचं तर या, पण तुमचे हे १२ खेळाडू वगळून या. कारण काय, तर त्यांचे धंदे ‘शंकास्पद’. मॅचआधी फॉर्म स्वतः भरून सही करायची अटही होती, म्हणजे निरक्षर आपोआप बाहेर. वर ‘तुमच्याकडे स्टेडियम नाही’ हेही होतंच.

७ एप्रिल १९२४ ला अध्यक्ष जोझे आउगुस्तो प्रेस्तेस यांनी संघटनेच्या अर्नाल्दो गिन्ले यांना पत्र लिहिलं. छोटंसंच, कार्यालयीन भाषेतलं. हे बारा जण तरुण आहेत, आत्ता कुठे त्यांची सुरुवात आहे. ज्या घरानं त्यांना आसरा दिला त्या घराचे कर्ते त्यांना जाहीर काळिमा फासण्याच्या कामात कधीच सामील होणार नाहीत. सबब आम्ही तुमच्या संघटनेत येत नाही. बस्स. याला तिथे ‘ऐतिहासिक उत्तर’ म्हणतात. वर्षभरानं वास्कोला आत घ्यावंच लागलं, कारण मैदानात गर्दी खेचत होते तेच. हे सगळं निव्वळ उदात्त हेतूनं झालं असं मी म्हणणार नाही, ज्यांनी चषक आणला त्या पोरांना कोण सोडेल? पण बाकीच्या क्लबांना त्या अटींपुढे मान तुकवताना काही वाटलं नाही, हेही खरंच.

स्टेडियमचा टोमणा त्यांनी मनाला लावून घेतला. समर्थकांकडून वर्गणी गोळा करून साओ जनुआरिओ बांधलं, २१ एप्रिल १९२७ ला उघडलं आणि पहिल्याच मॅचमध्ये सांतोस क्लबकडून ५-३ असा मार खाल्ला! १९३० ला माँटेव्हिडिओचं सेंतेनारिओ होईपर्यंत दक्षिण अमेरिकेत याहून मोठं स्टेडियम नव्हतं. राष्ट्राध्यक्ष वार्गास यांनी १ मे १९४० ला किमान वेतनाची घोषणा इथूनच केली.

चाळीसच्या दशकातला संघ ‘विजयाची एक्सप्रेस’ म्हणून गाजला. १९४८ ला सांतियागोत दक्षिण अमेरिकेतल्या विजेत्या क्लबांची स्पर्धा त्यांनी जिंकली. त्या संघाचा गोलरक्षक बार्बोझा, कृष्णवंशीय. १९५० च्या विश्वचषकात माराकानावर उरुग्वेनं ब्राझीलला २-१ नं हरवलं आणि सगळं खापर त्याच्या डोक्यावर फुटलं. ब्राझीलमध्ये जास्तीत जास्त शिक्षा ३० वर्षांची, मी ५० भोगली, असं तो म्हातारपणी म्हणायचा. तो गेला ७ एप्रिल २००० ला. पत्राचीच तारीख.

पुढचं भराभर सांगतो. ब्राझीलचं राष्ट्रीय विजेतेपद चार वेळा: १९७४, १९८९, १९९७, २०००. शताब्दीच्या वर्षी, १९९८ ला, लिबर्तादोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांचा सर्वांत मानाचा चषक. मग उतरती कळा: २००८, २०१३, २०१५, २०२० अशी चारदा खालच्या श्रेणीत घसरण. २०२२ मध्ये ७७७ पार्टनर्स या अमेरिकन कंपनीनं फुटबॉलचा बहुतांश हिस्सा विकत घेतला, आणि २०२४ ला कोर्टानं तिच्या हातून कारभार काढून घेतला.

एकच मॅच बघायची असेल तर २० डिसेंबर २००० ची मेर्कोसुर चषकाची (हीही दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची स्पर्धा) फायनल शोधा, प्रतिस्पर्धी पाल्मेइरास क्लबच्या घरच्या मैदानावरची. हाफटाइमला वास्को ०-३ नं मागे, पुढे एक खेळाडूही रेड कार्ड खाऊन बाहेर. शेवटी ४-३, त्यातले तीन ब्राझीलचा नामांकित स्ट्रायकर रोमारिओचे. चौथा गोल इंज्युरी टाइममध्ये आहे, तेव्हा व्हिडिओ मध्येच बंद करू नका.